वहीच्या मागच्या पानावरचा मासा

१२ फेब्रुवारी

सूनबाई,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि हात थबकला. तू तो घेशील की नाही, ठाऊक नाही. तरी लिहिते. तुला आणि चिऊला उदंड आयुष्य मिळो.

आज अकरा दिवस झाले तुम्हाला जाऊन. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या बहिणीनं उचलला तर "ती आंघोळीला गेलीय" म्हणते. सकाळी केला तरी आंघोळ, संध्याकाळी केला तरी आंघोळ. इतकी स्वच्छता बरी नव्हे. म्हणून हे पत्र. दहावीपर्यंत शिकले त्याचा एवढा तरी उपयोग.

चिऊ आता बरी आहे, एवढं तुझ्या बहिणीनं सांगितलं. सलाइनची सुई टोचलेली जागा काळीनिळी झाली होती, ती उतरली का? तिला भाताची पेज आणि मीठ-साखरेचं पाणी देत राहा. तू औषधांच्या दुकानात काम करतेस, तुला मी काय सांगणार. पण राहवत नाही.

दवाखान्यात दोन दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून होते आणि तू मला आत येऊ दिलं नाहीस, त्याचा राग नाही. आईचा जीव असतो. पण घर सोडताना तू दारात जे बोललीस ते कानांतून जात नाही. "सगळ्यांना वाढलंत आई, आणि स्वतः एक घाससुद्धा खाल्ला नाहीत." अगं, माझा नेम होता त्या दिवशी. आठवड्यातला तो एक वार मी अन्न घेत नाही, हे तुला लग्न होऊन आलीस तेव्हापासून माहीत आहे. देवाच्या नेमाचं असं उलट माप तू माझ्या पदरात घालशील, असं वाटलं नव्हतं.

झालं ते सगळं सरळ सांगते, म्हणजे तुझ्या मनात किंतू राहणार नाही. वादळामुळे होड्या समुद्रात गेल्या नव्हत्या. बाजारात आपला नेहमीचा एकही मासा नव्हता. कोपऱ्यावरच्या मासळीवालीच्या पाटीत हा एकच होता, लांबट, पिवळसर पोटाचा, तोंडाशी मिशा. मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. ती म्हणाली, वरच्या डोंगरातल्या नदीचा आहे, गोड लागतो, अगदी साधा करा. स्वस्त होता, खोटं कशाला बोलू. कसा करायचा ते मी तिच्याकडून शब्दाला शब्द विचारून घेतलं आणि तिथंच उभ्या उभ्या हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवलं.

खवले शेपटीकडून डोक्याकडे खरवडायचे. पोट चिरून आतलं सगळं काढायचं. तीन पाण्यांनी धुवायचा. मीठ आणि लिंबू चोळून पाव तास ठेवायचा. जाड तव्यावर चमचाभर तेल, कातडीची बाजू खाली, वर झाकण, आच मंद. एकदाच उलटायचा, सारखं हलवलं तर मोडतो. काट्याजवळचं मांस पांढरं होऊन आपसूक सुटलं की झाला. मसाला नको, वाटण नको.

मी ह्यातलं काही चुकवलं नाही. तेव्हा मासाच शिळा असला पाहिजे. ह्यांनाही त्या दिवशी पोटात कळा येत होत्या. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, अशांना सोडता कामा नये, आज तुमची नात, उद्या दुसऱ्याची. म्हणून मी बाजार कचेरीत तक्रार दिली आहे. अर्ज मीच लिहिला. तिथला कारकून म्हणाला, आजी, अक्षर काय सुंदर आहे तुमचं.

चिऊची बाहुली खिडकीत तशीच बसलेली आहे. तिला ऊन लागतं म्हणून मी दुपारी पडदा ओढते.

आई


२१ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र पोचलं. तीन ओळींचं का होईना, आलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहून हे म्हणाले, "बघ, नातं अजून टपालखर्चाच्या लायकीचं आहे." ह्यांचं तिरकं बोलणं तुला ठाऊक आहेच.

तू लिहितेस, "मीही तोच मासा खाल्ला. मला काहीच झालं नाही. चिऊ म्हणते, आजीनं मला मोती दिले होते. कसले मोती?"

तू दुकानातून उशिरा आलीस त्या दिवशी, तुझ्या वाट्याचा तुकडा शेपटीकडचा होता. शिळेपणा सगळ्या अंगभर सारखा थोडाच असतो. आणि चिऊचं काय घेऊन बसलीस. पाच वर्षांचं लेकरू. ती मुंग्यांना पोलीस म्हणते आणि आजोबांच्या टकलाला घुमट. दिलं असेल काहीतरी पांढरं, चिमूटभर मीठ, नाहीतर भाताचं शीत.

मासळीवालीची टपरी बंद केली. निरीक्षक आला, त्यानं फळीला लाखेचं सील लावलं आणि कागद चिकटवला. मी भाजी आणायला गेले तेव्हा पाहिलं. शेजारच्या कोळंबीवाल्यानं तिची रिकामी पाटी आपल्या मालाखाली घेतली होती. मला बघून तो दुसऱ्याला म्हणाला, "ह्याच त्या अर्जवाल्या." मी देवाचं नाव घेत पुढे आले. भाजी घ्यायची राहूनच गेली, घरी येऊन डाळ टाकली.

ह्यांनी आता स्वयंपाकघरातलं घड्याळ खोललं आहे. चालू घड्याळ खोलायचं कारण काय, विचारलं तर म्हणाले, "चालतंय, पण बरोबर चालतंय का ते बघतोय." घड्याळदुरुस्तीचं दुकान विकून चार वर्षं झाली तरी हात शांत बसत नाहीत. परवा डोळ्याला ते भिंग तसंच लावून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "त्या दिवशी माझ्या ताटात बाजूला काय वाढलं होतंस गं? रवाळ लागत होतं."

मी म्हटलं, "माशाचाच तुकडा. तुम्हाला काय कळतं चवीतलं."

"एकच घास खाल्ला म्हणून विचारलं. बाकीचं चिऊनं उचललं माझ्या ताटातून."

मी भांडी घासायला लागले. घासलेलीच होती.

तू आणखी काही विचारणार असशील तर सरळ विचार. माझ्याजवळ लपवण्यासारखं काही नाही. रोज दिवा लावताना चिऊचं नाव आधी घेते, मग घरच्या बाकीच्यांचं. तुझा नवरा जहाजावर आहे, त्याला यातलं काही कळवू नकोस. समुद्रात माणसाचं मन स्वस्थ असायला हवं.

आई


२ मार्च

सूनबाई,

ती आली होती. मासळीवाली. सकाळी दहाचा सुमार, हे बँकेच्या रांगेत गेलेले. मी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर उभी. इस्त्रीचं लुगडं नेसून आली होती. मी तिला कधी कोरड्या कपड्यांत पाहिली नव्हती, ओळखूच येईना. तिच्या अंगाला आज मासळीचा वास नव्हता आणि तेच मला कसंतरी वाटलं.

मी म्हटलं, "ये, बस." ती आत आली नाही.

"बसायला नाही आले बाई. पोरगी कशी आहे तुमची?"

"बरी आहे आता."

"देवानं राखली. मी नवस बोलले होते तिच्यासाठी." मग म्हणाली, "एकच विचारायचं होतं. मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही, एवढंच सांगा. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. मी चालले."

"काय सांगितलं होतं?"

"बाई."

तिनं एवढंच म्हटलं. आवाज चढवला नाही. मी पदराशी चाळा करत होते.

"तेवीस वर्षं त्या कोपऱ्यावर बसतेय मी. तुमच्या सासूबाईंनी माझ्याकडून मासे नेलेत. आजवर कुणाच्या घरी साधी ढेकरसुद्धा आंबट आली नाही. सोळा तारखेला कचेरीत बोलावलंय. माझ्या बाजूनं बोलणारं कुणी नसेल तर परवाना कायमचा गेला. तुम्ही वहीत लिहून घेत होता तेव्हा मी हसले होते, आठवतं? म्हटलं, बाई शाळेतल्यासारखं लिहितात. ते पान असेल ना तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

असं म्हणाले मी, सूनबाई. चार वेळा तिनं वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं आणि चारही वेळा मी तेच म्हणाले. शेवटी ती म्हणाली, "बरं. वय झालं की होतं असं." माझ्याहून ती दोन-चार वर्षांनी लहान असेल. जाताना जिन्यात वरच्या मास्तरीणबाई भेटल्या तर तिनं त्यांना वाट करून दिली, भिंतीला पाठ लावून.

मास्तरीणबाई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "धमकी द्यायला आली होती ना? मी साक्षीला येते."

मी त्यांना चहा केला. साखर दोनदा घातली.

तू म्हणशील, मला हे सगळं का सांगते आहे. घरात बोलायला कोण आहे? ह्यांना सांगितलं तर भिंग लावतील.

चिऊ नीट जेवते ना? तेवढं एक लिही.

आई


९ मार्च

सूनबाई,

तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. "चिऊ प्रत्येक घासाला विचारते, ह्यात मोती आहेत का? वाटाणे निवडून काढते, डाळिंबाला हात लावत नाही. काल ताकातला लोण्याचा कण बघून रडली. आई, डॉक्टरांना मी विचारलंय. काही माशांची गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, विषारी असते म्हणाले. मला फक्त खरं हवंय. म्हणजे तिला काय सांगायचं ते मला कळेल."

डाळिंबाला हात लावत नाही. माझ्या मांडीवर बसून अख्खं डाळिंब संपवायची ती.

आता लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून देवाला सांगून बसले आहे.

गाभोळी होती. ओंजळभर. पिवळीधमक, टपोरी.

आणि मासळीवालीनं मला सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा. म्हणाली, "बाई, ह्या माशाची गाभोळी तेवढी खायची नाही हं. काढून टाका. थांबा, मीच साफ करून देते, पैसे नको त्याचे." आणि तिनं सुरा उचलला सुद्धा. मी माशावर हात ठेवला. म्हटलं, "राहू दे, मी अख्खाच नेते."

का, ते सांगते. माझ्या माहेरी गाभोळी निघाली की ती वडिलांच्या ताटात जायची. आम्हा पोरींना वास. आई म्हणायची, माशातलं सोनं ते. सासरी आले तर इथंही तेच, आधी सासरे, मग तुझा नवरा. बाजारात तेच गाभोळीवालं पोट साफ करून घेतलं की घरी येताना ती गायब झालेली असते, हे मी उभ्या जन्मात कितीदा पाहिलं. साफ करणारी बाई "टाकली" म्हणते आणि संध्याकाळी पानात बांधून घरी नेते. मला वाटलं, हीही तेच करणार. खाऊ नका म्हणते आणि स्वतः खाणार. मी इतकी शहाणी. मी मनात हसलेसुद्धा, की मला बनवायला निघाली आहेस होय.

तरी वहीत तिनं सांगितलेलं सगळं लिहून घेतलं होतं, गाभोळीची ओळसुद्धा. सवय. जे ऐकलं ते उतरवायचं. पहिल्या पत्रात मी तुला कृती लिहिली तेव्हा वही समोर उघडी होती. मी ती ओळ बघत बघत गाळली.

घरी पोट चिरलं आणि ओंजळ भरून आली. धुतली, मीठ लावलं, तेलावर परतली. एक तुकडा खिडकीतल्या बोक्याला टाकला. त्यानं हुंगलं, पंजानं ढकललं आणि निघून गेला. तो बोका, जो केळीचं सालसुद्धा चाटून बघतो. मी म्हटलं, पोट भरलेलं दिसतंय मेल्याचं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. देवालासुद्धा थेट सांगितलं नव्हतं, गोल गोल बोलत होते.

चिऊ शाळेतून आली. "आजी, हे काय?" मी म्हटलं, "मोती. आपल्या घरात हे नेहमी बाप्यांना मिळतं. आज तुला." मला त्याचा केवढा आनंद होता, तुला सांगू शकत नाही. आजोबांच्या ताटात एक चमचा वाढला, बाकी तिच्या. तिनं आजोबांचंही उचललं. मी बघत बसले. वाटलं, आमच्या तीन पिढ्यांना मिळालं नाही ते हिला मिळतंय.

तासाभरानं तू येऊन जेवत होतीस तेवढ्यात तिला उलट्या सुरू झाल्या, त्यापुढचं तुला ठाऊक आहे. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लं? मी म्हटलं, मासा. त्यांनी विचारलं, आणखी काही? मी म्हटलं, नाही. तेव्हाच बोलले असते तर त्यांना औषध लवकर ठरवता आलं असतं का? हा प्रश्न मला तू विचारलेला नाहीस. मीच विचारते आहे. उत्तर लिहू नकोस.

तू दारात म्हणालीस तेही खरं धरून चाल. माझा नेम होता, हे खरं. पण नेम नसता तर त्या बोक्यानंतर मी पहिला घास स्वतः घेतला असता का? दिव्यासमोर बसते आणि हेच विचारते.

पान मी फाडलं होतं, पण टाकलं नाही. माझ्याच्यानं काही टाकवत नाही, हेच तर मूळ आहे सगळ्याचं. पोथीत ठेवलं आहे.

सोळा तारखेला मी जाणार आहे.

आई


१७ मार्च

सूनबाई,

काल गेले. ह्यांना आदल्या दिवशी सगळं सांगितलं. भिंग काढून ठेवलं त्यांनी. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं की मासा नव्हता तो." मी म्हटलं, "मग विचारलं का नाही धडपणे?" म्हणाले, "विचारलं की. तू भांडी घासायला लागलीस." मग उठून माझ्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवून दिला, कचेरीपर्यंत चालत जायचं म्हणून.

बाजार कचेरी म्हणजे एक लांब खोली, तीन टेबलं, भिंतीवर दरपत्रक. तोच कारकून. मला बघून खुलला. "या आजी! तुमचाच अर्ज वर आहे बघा."

"मला तो अर्ज खोटा आहे असं लिहून द्यायचं आहे."

"मागे घ्यायचाय? त्याचा नमुना वेगळा. बाहेरच्या खिडकीवर मिळेल."

"मागे घ्यायचा नाही. खोटा आहे असं लिहायचं आहे."

त्यानं पेन खाली ठेवलं. "आजी, त्याला नमुना नाही."

"मग कोरा कागद दे बाबा."

मास्तरीणबाई साक्षीला आल्याच होत्या. त्या माझा दंड धरून म्हणाल्या, "तुम्हाला घाबरवलंय का तिनं? घाबरू नका, मी आहे." मी म्हटलं, "बाई, तुम्ही बसा. मीच घाबरवलंय तिला."

निरीक्षक तरुण होता. पान हातात घेऊन त्यानं मोठ्यानं वाचलं. माझं अक्षर, माझे शब्द, दुसऱ्याच्या तोंडून. "गाभोळी खायची नाही, काढून टाकायची, दोनदा सांगितले." ते "दोनदा सांगितले" मीच लिहिलं होतं. एवढी काटेकोर मी.

"मग खाऊ का घातली?" त्यानं विचारलं.

मी माहेर, वडील, सोनं, काही बोलले नाही. म्हटलं, "टाकवली नाही."

"आणि तक्रार का केली?"

"कुणावर तरी टाकायचं होतं."

खोलीत कुणीतरी खाकरलं. मासळीवाली दाराशी उभी होती, तेच इस्त्रीचं लुगडं. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. निरीक्षकानं मला खोट्या तक्रारीबद्दल लेखी समज दिली, त्या कागदावर मी सही केली. तिच्या टपरीचं सील आज सकाळी काढलं. टपरी साडेतीन आठवडे बंद राहिली, तेवढ्यात तिचा कोपरा अर्धा कोळंबीवाल्यानं खाल्ला आहे. तो परत मिळवायला तिला आता भांडावं लागणार, आणि ते भांडण मला भांडता येणार नाही.

बाहेर पायऱ्यांवर मी तिला गाठलं. हात जोडले. ती म्हणाली, "नमस्कार नको बाई. त्या दिवशी दारात एकदा हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी कचेरीत बोलले नसते कुणाला. आपल्यातच राहिलं असतं." आणि गेली.

मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या तर आता भिंतीला पाठ लावून वाट देतात. मला.

तुझ्या नवऱ्याला मी कळवलं आहे. मीच लिहिलं. तुझ्या तोंडून त्याला कळायला नको होतं, आणि माझी बाजू घ्यायची पाळी तुझ्यावर यायला नको.

आई


२९ मार्च

सूनबाई,

तुझं कार्ड मिळालं. "पान पाठवा." एवढंच. पाठवते आहे, याच पाकिटात आहे. कडेला तेलाचा डाग आहे, तो त्याच दिवसाचा.

त्याआधी एक गोष्ट करायची होती, म्हणून चार दिवस उशीर झाला. मला तोच मासा पुन्हा करायचा होता. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तो मासा वाईट होता, असं मी गावभर केलं होतं. त्याचं तरी काय चुकलं होतं.

रोज बाजारात चक्कर टाकत होते. काल तिच्या पाटीत दिसला. लांबट, पिवळ्या पोटाचा. मी समोर उभी राहिले. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती, बोलणं लांबवलं. मी उभीच. शेवटी म्हणाली, "काय?"

"हा दे."

"हा?"

"हाच."

तिनं मासा उचलला, माझ्याकडे बघितलं. "देते. पण अख्खा देणार नाही. तुमच्या हातात अख्खा मासा मी कधीच देणार नाही, बाई. इथं साफ करून नेत असाल तर न्या."

मी म्हटलं, "साफ कर."

माझ्यासमोर पोट चिरलं. गाभोळी निघाली, तेवढीच, तशीच पिवळी. कोळंबीवालासुद्धा मान वळवून बघायला लागला. तिनं ती सुऱ्याच्या पात्यावर उचलून मला दाखवली, मग पाटीमागे चुन्याची बादली होती तिच्यात टाकली आणि काठीनं ढवळली. म्हणाली, "मांजरानंसुद्धा खाऊ नये म्हणून. तेवीस वर्षं अशीच टाकते. कुणी बघत नव्हतं एवढंच."

मी त्या बादलीत बघत राहिले. माझ्या आयुष्यातला केवढा संशय त्या चुन्यात विरघळत होता, तिला काय माहीत. की माहीत होतं, कोण जाणे. मासा कागदात गुंडाळून देताना तिनं विचारलं, "पोरगी जेवते का?" मी म्हटलं, "नाही." तिनं मान हलवली. लिंबू एक जास्तीचं टाकलं पिशवीत, आणि मी नको म्हणायच्या आत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

घरी तीन पाण्यांनी धुतला. मीठ, लिंबू, पाव तास. मंद आच, झाकण. एकदाच उलटला. ह्यांनी ताट घेतलं तर मी म्हटलं, थांबा. काल माझा नेम नव्हता. पहिला घास मी घेतला. ह्यांनी घड्याळ समोर ठेवलं होतं, सगळे भाग परत बसवून. म्हणाले, "किती वेळ थांबायचं?" मी म्हटलं, "एक तास." एक तास आम्ही दोघं त्या ताटासमोर बसून होतो, जेवण गार होत होतं. मग ते जेवले. चव गोड आहे. ती खोटं बोलली नव्हती.

सूनबाई, चिऊला इथं पाठव असं मी लिहिणार नाही. तुला वाटेल तेव्हा, नाही वाटलं तर नाही. तिची बाहुली वेगळ्या पार्सलनं पाठवते आहे, इथं ती वाट बघत बसते आणि मला बघवत नाही.

मागे चुकवलेली कृती पुरी करून देते. पोट चिरून आतलं सगळं काढायचं, आणि त्यातली गाभोळी टाकायची. ही ओळ पानावर आहेच, पण तिथं ती मासळीवालीची आहे. आता माझ्या हातानं लिहिते.

आणि तू विचारलं होतंस, तिला काय सांगायचं. तिला सांग, आता कुठल्याच घासात ते नाही, डाळिंबात तर मुळीच नाही. ते मोती नव्हते. ते खायचं नसतं, आणि आजीला ते आधी सांगितलेलं होतं.

आई